गोणी कुठे गेली, हे फुटेजला कसं विचारायचं

सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला दोनच प्रश्न कळतात: कोणता कॅमेरा आणि किती वाजता. माणसं असं कधी विचारत नाहीत. ती विचारतात, "सायकल कोणी नेली?", "गाडीतून उतरलेल्या सगळ्या गोण्या आत गेल्या का?", "आजी खाली उतरल्या तेव्हा सोबत कोण होतं?" प्रश्न घटनेबद्दल असतो आणि साठवलेली असतात नुसती चित्रं. मधली दरी आजही बहुतेक ठिकाणी वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी किंवा चौकीतला हवालदार डोळे ताणून भरून काढतात.

ही दरी किती मोठी आहे ते साध्या गुणाकाराने कळतं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका कॅमेऱ्याच्या दिवसाला २१ लाख ६० हजार फ्रेम होतात. १६ कॅमेऱ्यांच्या सोसायटीत दिवसाला साडेतीन कोटींच्या आसपास. त्यात हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावर नवं लिहायला लागतो. म्हणजे शोधायला उशीर झाला तर शोधायला काही उरतही नाही.

माझं काम या दरीतलं आहे. राहायला ठाण्यात, पाचपाखाडीला, ऑफिस घणसोलीत. टीम लहान आहे. चित्रातून वस्तू ओळखणारं मॉडेल बाकीचे सांभाळतात, मी ऑन्टॉलॉजी लिहिते. एखाद्या जागेत कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू आणि माणसं असतात, त्यांचे एकमेकांशी काय संबंध असू शकतात आणि काय काय घडलं म्हणजे त्याला अमुक घटना म्हणायचं, हे यंत्राला वाचता येईल इतकं स्पष्ट लिहून ठेवणं, हे ते काम. टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये केलेली व्याख्या या क्षेत्रात सगळीकडे दिली जाते: आपण जगाकडे ज्या कल्पनांमधून पाहतो त्या कल्पनांची उघड मांडणी. लिहिण्यासाठी आऊल नावाची भाषा आहे, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने ती २००४ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केली. भाषा कोणतीही असो, ही मांडणी उघड्यावर असते, कोणालाही वाचून तिच्याशी भांडता येतं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

ते का, हे आमच्याच सोसायटीतल्या एका प्रकरणातून सांगते.

चौथ्या मजल्यावरच्या मुलाची गिअरची सायकल सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये नव्हती. वॉचमनच्या केबिनमध्ये सेक्रेटरी काका, मुलाचे बाबा, वॉचमन आणि मी, असे चौघं एका छोट्या मॉनिटरसमोर उभे. रात्री अकराला सायकल आहे, सकाळी सहाला नाही. मग अडीचचं लावा: आहे. चारचं लावा: आहे. पाचला नाही. अशी निम्मी-निम्मी करत वेळ पकडता येते, आणि एकदा गेलेली वस्तू परत येणार नसेल तर ही रीत फार उपयोगी पडते. पावणेपाचच्या सुमारास दूध टाकणारा मुलगा आला. सायकलींच्या रांगेपुढून गेला, तोंड स्पष्ट दिसत होतं. त्यानंतर कोणाच्या तरी गाडीचे दिवे थेट कॅमेऱ्यावर आले आणि काही सेकंद पडदा पांढराफटक झाला. चित्र परत आलं तेव्हा सायकल नव्हती. मुलगा दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना दिसला, हातात फक्त क्रेट.

"हाच," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "काका, त्याच्या हातात सायकल नाहीये." त्यावर उत्तर तयार होतं: आधी कुठेतरी लपवली असेल, नंतर नेली असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मुलाला गेटवर अडवून सगळ्यांसमोर जाब विचारला गेला. चौदा-पंधराचा असेल, काय बोलावं ते त्याला सुचेना. त्याच सकाळी गाड्या धुणाऱ्याने जनरेटरमागे टेकवून ठेवलेली सायकल दाखवली. ज्यांची गाडी आदल्या पहाटे एअरपोर्टला निघाली होती, त्यांनी ती वाटेतून बाजूला केली होती. जनरेटरमागची जागा कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाही.

फुटेजमध्ये खरं म्हणजे एवढंच होतं: सायकल दिसत होती, मग कॅमेरा दिपला, मग सायकल दिसत नव्हती. "नाहीशी झाली" आणि "दिसेनाशी झाली" या मी लिहिलेल्या ऑन्टॉलॉजीत दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली लागू व्हायला ती वस्तू हद्दीबाहेर जाताना दिसायला हवी. दुसरीला काहीच लागत नाही, पण दुसरीवरून कोणाचंही नाव घेता येत नाही.

कॉलेजात संस्कृत घेतलं होतं तेव्हा वैशेषिक दर्शनाचे पदार्थ, म्हणजे असू शकणाऱ्या गोष्टींचे मूळ प्रकार, पाठ केले होते: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि सातवा अभाव. नसणं हीसुद्धा नोंदण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या लोकांनी किती आधी ओळखलं होतं याचं मला या कामात आल्यावर नव्याने अप्रूप वाटलं. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी पुढे जाऊन न दिसणं हे नसणं जाणून घेण्याचं स्वतंत्र साधन, म्हणजे प्रमाण, मानलं, पण एका अटीवर: ती वस्तू तिथे असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. योग्यानुपलब्धी म्हणतात ती हीच. सीसीटीव्हीच्या कामाला याहून नेमका नियम मला आजवर सापडलेला नाही.

म्हणून आमच्या ऑन्टॉलॉजीत माणसं, गाड्या, सामान यांच्या बरोबरीने कॅमेरा स्वतः एक नोंदीची वस्तू आहे. त्याला कोणकोणता भाग दिसतो, तो कोणत्या वेळी रात्रीच्या इन्फ्रारेड मोडवर गेला, कधी दिपला, काचेवर थेंब किंवा कोळ्याचं जाळं कधी होतं, त्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे, हे सगळं वेळेसकट लिहिलेलं असतं. "तिथे कोणी नव्हतं" असं उत्तर द्यायचं तर आधी "त्या वेळी तो भाग नीट दिसत होता" ही अट पुरी व्हावी लागते. ती पुरी झाली नाही तर उत्तर येतं: सांगता येत नाही. साधा डेटाबेस जे नोंदलेलं नाही ते खोटं धरून चालतो. आऊल तसं धरत नाही. नोंद नसेल तर ते ठाऊक नाही, एवढंच तिचं म्हणणं. या स्वभावामुळे काम वाढतं, कारण "कोणीही नव्हतं" हे शोधाच्या प्रश्नात वेगळं मागून घ्यावं लागतं. पण इन्फ्रारेडवर सगळे कपडे करडे दिसत असताना "लाल शर्टवाला नव्हता" असं यंत्र छातीठोकपणे सांगत नाही, ते याच स्वभावामुळे.

सध्या आम्ही तुर्भ्यातल्या एका धान्य-मसाल्याच्या गोदामाचं काम करतोय. मालकांचा प्रश्न अगदी सरळ: गाडीतून जेवढ्या गोण्या खाली झाल्या, तेवढ्या थप्पीला लागल्या का?

पहिली अडचण यंत्राच्या शब्दसंग्रहाची. वस्तू ओळखणारी बरीच तयार मॉडेल्स कोको नावाच्या चित्रसंचावर शिकलेली असतात. त्यात ८० प्रकार आहेत. झेब्रा आहे, जिराफ आहे, स्की आहेत. रिक्षा नाही, हातगाडी नाही, गोणी नाही. त्यामुळे हमालाच्या पाठीवरची गोणी कधी बॅकपॅक ठरते, कधी सूटकेस, कधी काहीच नाही. हैदराबादच्या ट्रिपलआयटीने भारतीय रस्त्यांचा चित्रसंच काढला तेव्हा त्यात रिक्षाला स्वतःचा वर्ग मिळाला, त्याचा आम्हाला गेटवरच्या कॅमेऱ्यासाठी उपयोग झाला. गोणी आम्हाला आमच्याच फुटेजमधून शिकवावी लागली.

पण गोणी ओळखता आली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. मॉडेल देतं ते चौकोन. चौकोन फ्रेममागून फ्रेम जोडले की त्याचा ट्रॅक होतो. ट्रॅकवरून विधानं तयार होतात: ट्रॅक ४१ ही व्यक्ती आहे, तिच्याजवळ ट्रॅक ४४ ही गोणी आहे, दोन्ही सात वाजून बारा मिनिटांनी रॅम्पच्या भागात शिरले. जागांचे संबंध मांडायला आरसीसी (रीजन कनेक्शन कॅल्क्युलस) म्हणून ओळखली जाणारी आठ संबंधांची पद्धत आहे, १९९२ मधली: एक भाग दुसऱ्याच्या आत आहे, कडेला टेकला आहे, थोडा वर आला आहे, वगैरे. वेळेसाठी जेम्स अ‍ॅलन यांनी १९८३ मध्ये मांडलेले तेरा संबंध: आधी, लागून, दरम्यान, एकाच वेळी सुरू आणि असेच. "गाडी धक्क्याला लागलेली असण्याच्या दरम्यान गोणी फाळक्यावरून रॅम्पवर आली" हे वाक्य या दोन प्रकारच्या संबंधांत पूर्ण बसतं. खालच्या थरात आकडे, वरच्या थरात माणसाचं वाक्य, आणि मधली प्रत्येक पायरी वाचता येण्याजोगी.

खरी गंमत, आणि खरी मेहनत, व्याख्येत आहे. बेवारस सामानाचं एक जुनं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतं. २००६ मध्ये पेट्स या कॅमेरा-पाळतीवरच्या कार्यशाळेसाठी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर मुद्दाम चित्रीकरण केलं होतं. नियम असा: सामान ज्याने आणलं तो मालक, मालक तीन मीटरपेक्षा दूर गेला की सामान बिनराखणीचं, आणि तसंच सलग तीस सेकंद राहिलं की बेवारस. लंडनच्या स्टेशनसाठी नियम रास्त असेल. तो घेऊन जांभळी नाक्याच्या बाजारात उभं राहा. फुलवाली पाटी ठेवून पाणी आणायला जाते, जाताना शेजारणीकडे नुसती मान हलवते. पाटी बेवारस नाही. तिची राखण शेजारणीकडे गेली. तीन मीटर आणि तीस सेकंदांत ती मान हलवणं कुठेच येत नाही.

तुर्भ्यात हेच मला हमालांच्या टोळीच्या मुकादमांनी समजावलं. मी लॅपटॉपवर त्यांना एक प्रसंग दाखवत होते. हमालाने रॅम्पवर गोणी टेकवली आणि निघून गेला, पाच मिनिटांनी दुसऱ्याने ती उचलली. मालकांच्या यादीत अशा प्रसंगाला "माल सोडून जाणे" असं नाव होतं आणि त्यावर अलार्म हवा होता.

मुकादमांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ताई, गोणी एकट्याची नसते. गाडी लागली की ती टोळीची. हा चहाला गेला, तर मागचा उचलणारच."

"आणि कोणीच उचलली नाही तर?"

"तर बघा फाटलीय का. फाटकी गोणी थप्पीला लावत नाहीत. काट्याच्या बाजूला ठेवतात. दाभण-सुतळीने शिवली की मग आत."

एवढ्या बोलण्यातून तीन गोष्टी मिळाल्या. ताबा हा व्यक्तीचा नाही, टोळीचा; आणि गाडी धक्क्याला लागल्यापासून फाळका परत बंद होईपर्यंतचा. काट्याजवळची जागा हा स्वतंत्र भाग, तिथे थांबलेली गोणी म्हणजे शिवणीला ठेवलेली. आणि उतरलेल्या आणि थप्पीला लागलेल्या गोण्यांत फरक आला तर पहिल्यांदा तपासायची ती शिवणीची जागा. आता फरक दिसला की उत्तरात त्या त्या गोणीचा शेवटचा दिसलेला भाग, वेळ आणि कॅमेरा येतो. चोरी हा शब्द उत्तरात कुठेच नाही. मालकांना आधी ते अपुरं वाटलं. मग त्यांनी स्वतःच काट्याजवळच्या गोण्या मोजून आणल्या आणि आकडा जुळला.

त्यांच्या यादीत आणखी एक नोंद होती: "संशयास्पद व्यक्ती". अशी मागणी जवळजवळ प्रत्येक ग्राहकाकडून येते आणि मी ती दर वेळी नाकारते. घटनेची व्याख्या करता येते. कुंपणावरून आत येणं, बंद वेळेत शटरला हात लावणं, गाडी नसताना गोणी उचलणं, ही सगळी कृत्यं आहेत. झाली की नाही ते पाहून ठरवता येतं. माणसाचा प्रकार म्हणून "संशयास्पद" लिहिलं की त्यात कोण अडकणार, हे ठाण्यात राहणाऱ्या कोणालाही सांगता येईल. पहाटे पोतं घेऊन फिरणारी कचरावेचक बाई. गेटशी तासभर बसून राहिलेली, कामाच्या घराचं दार उघडायची वाट पाहणारी मावशी. पत्ता न सापडल्याने तीनदा फेरी मारणारा डिलिव्हरीचा मुलगा.

आपल्याकडे अशा वर्गवारीचा इतिहास आहे. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे समाजच्या समाज जन्माने गुन्हेगार म्हणून नोंदवले गेले. नावं रजिस्टरमध्ये, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवानगीची सक्ती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, महाराष्ट्रातल्या विमुक्त जमाती ३१ ऑगस्ट हा दिवस अजून पाळतात. ते रजिस्टर लिहिणाऱ्यांनाही आपण फक्त नोंदी ठेवतोय असंच वाटत असेल. मी जेव्हा ऑन्टॉलॉजीत एक नवा प्रकार लिहिते तेव्हा हे माझ्या डोक्यात असतं, आणि ते तिथे असायलाच हवं असं मला वाटतं.

कोणी म्हणेल, आता ऑन्टॉलॉजीची गरज काय? २०२१ मध्ये क्लिप नावाचं, चित्रं आणि शब्द जुळवणारं मॉडेल आलं, तेव्हापासून साधं वाक्य टाइप करून चित्रं शोधता येतात. आम्हीही वापरतो. "पिवळा रेनकोट" टाकलं की हजारो चित्रांतून पिवळे रेनकोट समोर येतात, आणि त्याने आमचे कित्येक तास वाचलेत. पण "कोणाच्या नंतर कोण", "कोणाच्या सोबत", "शिवाय" असल्या शब्दांवर ते अडखळतं. "हेल्मेट नसलेला माणूस" विचारलं तर हेल्मेट घातलेलेही हजर होतात. आणि हेच चित्र का निवडलं, असं विचारलं तर हाती लागतो तो जुळणीचा एक आकडा. दूध टाकणाऱ्या त्या मुलाने "मीच का?" असं विचारलं असतं, तर त्याला तो आकडा दाखवायचा?

व्याख्या जागेबरोबर बदलतात हे मोठ्या प्रयोगांतही दिसतं. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, व्हिडिओत शोध घेण्याच्या ट्रेकविड स्पर्धेत २००८ पासून काही वर्षं लंडनच्या गॅटविक विमानतळाच्या फुटेजमधून घटना ओळखायच्या होत्या: माणसं भेटणं, वेगळी होणं, मिठी मारणं, फोन कानाला लावणं, वस्तू खाली ठेवणं, आणि धावणं. विमानतळावर धावणारा माणूस वेगळा उठून दिसतो. सकाळी पावणेनऊला ठाणे स्टेशनच्या पुलावर न धावणारा वेगळा दिसेल.

पुराव्याबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं, कारण सोसायट्यांमध्ये याचा गोंधळ असतो. शोधाचा निकाल हा पुरावा नाही. तो फक्त कुठे बघायचं ते सांगतो. पुरावा मूळ फुटेजच. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये बदल झाला तर लगेच बदलणारा डिजिटल ठसा, द्यावी लागते. आधी प्रमाणपत्राची ही अट जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होती. ६५ब वरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतला आहे. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आले का, हा वाद होता आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. सगळा प्रश्न एका "नंतर" वर होता. अशा वेळी कॅमेऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागे असेल तर काय होईल याचा विचार करा, आणि आपल्या सोसायटीच्या डीव्हीआरची वेळ आज मोबाइलशी ताडून बघा. फरक असेल तर वेळ बदलण्याआधी तो तारखेसकट वहीत लिहा, म्हणजे जुनं फुटेजही वाचता येईल.

तुर्भ्याचं पुढचं काम पावसाळ्याचं आहे. जूनपासून धक्क्यावर ताडपत्री बांधतात आणि रॅम्पचा निम्मा भाग वरच्या कॅमेऱ्याला दिसेनासा होतो. मालक म्हणतात दुसरा कॅमेरा लावू, खालून. मुकादम म्हणतात खालच्या कॅमेऱ्यावर पहिल्याच दिवशी पाणी उडेल, त्यापेक्षा ताडपत्री कुठून कुठे बांधायची ते आम्ही ठरवतो, मोकळी पट्टी ठेवतो. शनिवारी गाडी नसताना दोघांना घेऊन धक्क्यावर उभं राहायचं ठरलंय. ताडपत्री अंथरून बघू, मोकळी पट्टी खुणेने आखू आणि तेवढाच भाग दृश्य म्हणून नोंदवू. उरलेल्या भागाबद्दल पावसाळाभर उत्तर येईल ते "झाकलेलं होतं".